शेरा

मुलींची आठशे मीटर, सोळा वर्षांखालच्या.
कोर्डे सरांनी निकाल लिहिलाय बिलबुकाच्या पाठीवर,
बोथट पेन्सिलीनं. खालच्या कोपऱ्यात पोह्यांचं तेल,
त्यात जीरावण.
सकाळी सातच्या आत साइटवर चढवायचाय,
पालक विचारून राहिले, म्हणाले,
आणि शाळेच्या ऑफिसात एक्सेल येतं ते मला.

लोकमान्य नगरात रात्री फार ऐकू येतं.
सराफ्यातून परतणाऱ्या स्कूटर,
मग रस्ता झाडणारी गाडी, तिचे गोल फिरते ब्रश,
मग काही नाही. फ्रिज.

छातीवरचा नंबर ०४१ लिहिते,
एंटर दाबते, ४१ होतो.
पुढचं शून्य त्याला उगाचचं वाटतं.
त्या मुलीनं शून्याला सुद्धा पिन लावली होती
हे त्याला कुणी सांगावं.
रकान्याचा स्वभाव बदलते: आकडा नव्हे, मजकूर.

आता वेळ.
निदा मन्सूरी, २:३१.
वरच्या पट्टीत बघते तर
रात्रीचे दोन वाजून एकतीस मिनिटं.
मी मिनिटं सांगितली, त्यानं तास ऐकले.
दुरुस्तीला काही लागत नाही,
पुढे एक शून्य आणि एक विसर्ग.
पण कोपऱ्यातल्या घड्याळात तेव्हा
दोन एकोणतीस झाले होते,
आणि माझा हात माऊसवरून निघाला.

दोन एकतीसला निदा आली.
दोन चौतीसला तन्वी टोकेकर, मान मागे टाकून,
ती तशीच धावते, चिमणबागेत बघितलंय मी.
दोन एकोणचाळीसला दोघी,
त्यातल्या एकीला सरांनी
आधी अर्चना करून मग अपर्णा केलंय.
त्यानंतर बराच वेळ कुणी नाही.

मी चहा टाकला.
ह्यांना जाग आली. झोप आता, म्हणाले.
म्हटलं, एक यायचीय अजून.

फाल्गुनी वासकले, कन्या छात्रावास.
नेमकी तिचीच वेळ तेलाखाली.
तीन तीन, की तीन आठ?
पाच सेकंदांनी काय होतंय,
शेवटची ती शेवटचीच.
तरी तीन तीनला मी खिडकीशी होते.
खाली एक कुत्रं उठलं,
दोन पावलं सरकून परत झोपलं.

सरांना मेसेज टाकला, सकाळी बघतील म्हणून.
उत्तर लगेच.
आठ. नक्की आठ.
बाकीच्यांनी घड्याळं बंद केली होती,
बक्षिसांचं टेबल उचलायला गेले होते.
माझं चालू होतं.
मग थोड्या वेळानं, वेगळं:
तुम्ही का जाग्या, ताई?

कागदावर सहावा रकाना आहे, शेरा.
सगळ्यांपुढे कोरा.
फक्त हिच्यापुढे, बारीक, ओळीबाहेर गेलेलं:
दुसऱ्या फेरीत पडली. उठली.
आल्यावर विचारलं, माझं मोजलं का.

साइटवर रकाने पाचच.
क्रमांक, नंबर, नाव, शाळा, वेळ.
शेरा काढून टाकावा, असं सूचनेत स्पष्ट आहे.
मी काढला नाही, लपवला.
आता माथ्यावर अक्षरं अशी: डी, ई, एकदम जी.
बघणाऱ्याला वाटेल
मोजताना कुणाचं तरी चुकलं.

तीन आठ.
काही झालं नाही.
चहा गार होता, तो प्यायले,
आणि शून्य, विसर्ग, शून्य, विसर्ग
लावायला घेतले
खालून वर.